टेस्टोस्टेरॉनचे उपचार चालू असताना वीर्यतपासणीत शुक्राणू शून्य. मूल हवे असल्यास आता काय करावे?

वाटसरू (प्रश्न)

नमस्कार. माझे वय ३७ आहे आणि पत्नीचे ३४. सततचा थकवा, जवळपास नाहीशी झालेली कामेच्छा आणि कशातच मन न लागणे या तक्रारींसाठी मी सुमारे तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांकडे गेलो होतो. सकाळच्या वेळी दोनदा केलेल्या रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन डेसिलीटरमागे २१० आणि २३५ नॅनोग्रॅम इतकेच आढळले आणि तेव्हापासून मी टेस्टोस्टेरॉन एनान्थेटची इंजेक्शने नियमितपणे घेत आहे. या उपचाराचा मला खरोखर फायदा झाला, हे आधीच सांगतो. कामातले लक्ष, झोप, मनःस्थिती, व्यायामाची ताकद या सगळ्यांत फरक पडला आणि म्हणूनच ते थांबवण्याच्या कल्पनेने मला धास्ती वाटते.

गेले वर्षभर आम्ही मूल व्हावे म्हणून प्रयत्न करीत आहोत. दिवस राहत नाहीत म्हणून वीर्यतपासणी केली, तर तिच्यात एकही शुक्राणू आढळला नाही. काही आठवड्यांनी दुसऱ्यांदा तपासणी केली, तिचाही निष्कर्ष तोच आला. उपचार सुरू करताना ‘पुढे मूल हवे आहे का?’ हा प्रश्न मला कोणीही विचारला नव्हता आणि टेस्टोस्टेरॉन हे पुरुषाचेच संप्रेरक असल्यामुळे त्याने पुरुषाची प्रजननक्षमता वाढेल, अशीच माझी समजूत होती.

जुने कागद काढून पाहिले, तेव्हा उपचारांपूर्वीच्या तपासणीत वृषणांना चालना देणाऱ्या एलएच आणि एफएसएच या संप्रेरकांचे अनुक्रमे २.१ आणि २.९ असे आकडे दिसले आणि दोन्हींपुढे ‘सामान्य मर्यादेत’ असे छापलेले होते. उपचारांपूर्वी वीर्यतपासणी झालेली नव्हती. इंजेक्शने आजच बंद करावीत का? की ती चालू ठेवून सोबत एचसीजी या संप्रेरकाची इंजेक्शने घेता येतात? व्यायामशाळेतले काही जण क्लोमिफीनच्या गोळ्या स्वतःहून घ्यायला सांगतात, ते कितपत योग्य आहे? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, शुक्राणू परत येतात का आणि त्याला किती काळ लागतो?

अंतःस्राव_वैद्यक

वाटसरू, तुमच्या प्रश्नाचे उत्तर बऱ्याच अंशी तुम्ही शोधून काढलेल्या त्या जुन्या कागदातच आहे, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

मेंदूतील हायपोथॅलॅमस ठरावीक अंतराने जीएनआरएच नावाचे संप्रेरक सोडतो, त्यामुळे पिट्युटरी ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएच वृषणातील लायडिग पेशींकडून टेस्टोस्टेरॉन तयार करवून घेते, तर एफएसएच सर्टोली पेशींवर काम करते. शुक्राणूंची वाढ होते ती या सर्टोली पेशींच्याच आधाराने. रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदू वरून येणारा आदेश कमी करतो. हे टेस्टोस्टेरॉन वृषणातून आले की इंजेक्शनातून, हे मेंदूला कळत नाही. त्यामुळे बाहेरून टेस्टोस्टेरॉन घेतल्यावर एलएच आणि एफएसएच दोन्ही जवळजवळ शून्यावर येतात.

इथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. शुक्राणू तयार होण्यासाठी रक्तातले टेस्टोस्टेरॉन पुरत नाही, वृषणाच्या आतले लागते आणि तिथली पातळी रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी जास्त असते. निरोगी पुरुषांना आठवड्याला २०० मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन एनान्थेट देऊन केलेला एक अभ्यास २००५ साली प्रसिद्ध झाला. त्यात केवळ तीन आठवड्यांत वृषणातील टेस्टोस्टेरॉन ९४ टक्क्यांनी घटले होते, आणि तेही रक्तातील पातळी उत्तम असताना. म्हणजे तुमच्या रक्ततपासणीचा आकडा छान दिसत असताना वृषण मात्र उपाशी असतात. टेस्टोस्टेरॉनचा अभ्यास पुरुषांसाठीचे गर्भनिरोधक म्हणून झाला आहे, तो याच कारणाने. जागतिक आरोग्य संघटनेच्या १९९० साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत दर आठवड्याला हेच इंजेक्शन घेणाऱ्या सुमारे ६५ टक्के पुरुषांचे शुक्राणू सहा महिन्यांच्या आत शून्यावर आले होते. तुमच्या बाबतीत घडले आहे ते अनपेक्षित नाही. वाईट वाटावे असे इतकेच की ते तुम्हाला आधी सांगितले जायला हवे होते. अमेरिकेतील यूरोलॉजी आणि प्रजननवैद्यक या दोन्ही संघटनांच्या संयुक्त मार्गदर्शक सूचना स्पष्टपणे सांगतात की ज्या पुरुषाला आज किंवा पुढे मूल हवे आहे, त्याला केवळ टेस्टोस्टेरॉन देऊ नये.

आता तुमच्या कागदाकडे येतो. टेस्टोस्टेरॉन कमी असताना एलएच आणि एफएसएच वाढलेले असतील, तर वरून आदेश येत आहे पण वृषण प्रतिसाद देत नाहीत, असा त्याचा अर्थ होतो. तुमचे टेस्टोस्टेरॉन २१० असताना एलएच २.१ होते. छापील मर्यादेत तो आकडा सामान्य दिसत असला, तरी टेस्टोस्टेरॉन इतके कमी असताना एलएच वाढायला हवे होते आणि ते वाढलेले नाही. म्हणजे दोष बहुधा वृषणात नसून वरच्या पातळीवर, हायपोथॅलॅमस किंवा पिट्युटरीत आहे. मूल होण्याच्या दृष्टीने ही चांगली बाजू आहे, कारण वृषण स्वतः सक्षम असतील, तर त्यांना योग्य आदेश मिळाल्यावर ते पुन्हा काम करू शकतात.

मात्र वरच्या पातळीवर दोष का निर्माण झाला, हा प्रश्न तीन वर्षे अनुत्तरित राहिलेला दिसतो. पिट्युटरीतूनच येणारे प्रोलॅक्टिन हे संप्रेरक तपासले होते का? ते वाढलेले असेल, तर पिट्युटरीतील प्रोलॅक्टिनोमा नावाची सौम्य गाठ हे कारण असू शकते आणि बहुसंख्य रुग्णांत त्यावर गोळ्यांचेच उपचार पुरतात. त्याशिवाय शरीरातील लोहाचे प्रमाण, थायरॉइड, वजन, घोरणे आणि झोपेत श्वास अडकणे, दीर्घकाळ घेतलेली अफूवर्गीय वेदनाशामके किंवा स्टेरॉइड औषधे, पूर्वी कधी घेतलेली अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स या सगळ्यांची विचारपूस व्हायला हवी. डोकेदुखी किंवा दृष्टीत बदल असेल, प्रोलॅक्टिन वाढलेले असेल किंवा इतर संप्रेरके बिघडलेली असतील, तर पिट्युटरीचा एमआरआय करावा लागतो. मूळ कारण स्थूलता असेल, तर वजन घटवल्यावर टेस्टोस्टेरॉन आपोआप वाढते. कारण न शोधता केवळ शुक्राणूंच्या मागे लागलात, तर इंजेक्शने थांबल्यावर तुम्ही पुन्हा तीन वर्षांपूर्वीच्याच जागी येऊन उभे राहाल.

इंजेक्शने आजच, स्वतःच्या मनाने बंद करू नका. बंद करणे धोक्याचे आहे म्हणून नव्हे. शुक्राणू परत आणायचे तर बाहेरचे टेस्टोस्टेरॉन थांबवणे हाच सर्वसाधारण मार्ग आहे. पण ते नुसते थांबवले, तर तुमचे स्वतःचे संप्रेरक सुरू होईपर्यंतच्या काळात रक्तात बाहेरचे किंवा स्वतःचे असे कोणतेच टेस्टोस्टेरॉन पुरेसे उरत नाही आणि तुम्ही वर्णन केलेली सगळी लक्षणे, कदाचित अधिक तीव्रतेने, परत येतात. म्हणून अंतःस्रावतज्ज्ञ किंवा पुरुषवंध्यत्वावर काम करणारे यूरोलॉजिस्ट टेस्टोस्टेरॉन थांबवतानाच एचसीजी सुरू करतात. एचसीजी हे एलएचसारखेच काम करते, म्हणजे लायडिग पेशींना थेट जागे करते, त्यामुळे वृषणातली पातळी वाढतेच, शिवाय रक्तातलेही टेस्टोस्टेरॉन बऱ्यापैकी टिकून राहते. सामान्यतः १५०० ते ३००० युनिट आठवड्यातून दोन-तीन वेळा, त्वचेखाली किंवा स्नायूत दिले जाते. मात्रा रक्ततपासण्यांवरून बदलत राहते, त्यामुळे हा आकडा माहितीपुरता समजावा. काही महिन्यांनंतरही शुक्राणू दिसले नाहीत, तर एफएसएचची इंजेक्शने जोडली जातात.

क्लोमिफीनचे काम वेगळे आहे. ते मेंदूतील इस्ट्रोजेनची ग्राहके अडवते, त्यामुळे मेंदूला संप्रेरक कमी असल्याचा भास होतो आणि तो एलएच व एफएसएच वाढवतो. पुरुषांमधला हा वापर औषधाच्या अधिकृत मंजुरीत बसत नाही, तरी तज्ज्ञ त्याचा विचारपूर्वक उपयोग करतात. परंतु त्यासाठी पिट्युटरी काम करण्याच्या स्थितीत असावी लागते आणि बाहेरचे टेस्टोस्टेरॉन पूर्ण मात्रेत चालू असेपर्यंत त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवता येत नाही. दृष्टी अंधूक होणे, मनःस्थिती ढासळणे आणि क्वचित रक्तात गुठळी होणे असे दुष्परिणाम आहेत. ज्याच्या पिट्युटरीत गाठ आहे की नाही हे अजून कोणी पाहिलेलेच नाही, त्याने व्यायामशाळेतल्या सल्ल्यावर हे औषध घेणे मला मुळीच मान्य नाही.

काळाबद्दल. एका शुक्राणूची वृषणातील घडण सुमारे अडीच महिन्यांची असते, त्यानंतर अधिवृषणातून (वृषणाला लागून असलेल्या, शुक्राणू पक्व करणाऱ्या नळीतून) पुढे येण्यास आणखी काही दिवस लागतात. त्यामुळे आज केलेल्या बदलाचा परिणाम तीन महिन्यांच्या आत दिसला नाही, तर तो अपयश समजू नये. गर्भनिरोधक अभ्यासांतील १५४९ पुरुषांच्या नोंदी एकत्र करून २००६ साली प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात, मिलिलीटरमागे दोन कोटी शुक्राणूंची पातळी सहा महिन्यांत ६७ टक्के, बारा महिन्यांत ९० टक्के आणि चोवीस महिन्यांत सर्वच पुरुषांनी पुन्हा गाठण्याची शक्यता दिसली. हा आकडा दिलासा देणारा असला, तरी ते पुरुष मुळात निरोगी होते आणि त्यांचे शुक्राणू आधीपासून उत्तम होते, हे विसरू नये. टेस्टोस्टेरॉनवर असलेल्या वंध्यत्वाच्या रुग्णांचे दोन अभ्यास तुमच्या परिस्थितीला अधिक जवळचे आहेत. २०१५ सालच्या अभ्यासात एचसीजीवर आधारित उपचार दिलेल्या ४९ पुरुषांपैकी ४७ जणांत शुक्राणू परत आले किंवा त्यांची संख्या सुधारली आणि त्यासाठी सरासरी साडेचार महिन्यांहून थोडा अधिक काळ लागला. २०१७ सालच्या अभ्यासात सुमारे ७० टक्के पुरुषांनी वर्षभरात एकूण ५० लाख चलनशील शुक्राणूंचा टप्पा गाठला, मात्र वय जितके जास्त आणि टेस्टोस्टेरॉन जितका अधिक काळ घेतलेले, तितकी गती मंद होती. तुमचे वय आणि तीन वर्षांचा काळ पाहता मी स्वतः सहा ते बारा महिन्यांचे नियोजन सुचवीन.

निळी_शाई

या मार्गावरून मी गेलो आहे. वैद्यकीय बाजू वर नेमकेपणाने मांडली गेली आहे, तिच्यात मला भर घालायची नाही, फक्त मधल्या काळाबद्दल सांगावेसे वाटते.

एचसीजी चालू असूनही पहिले काही आठवडे मला जड गेले. चिडचिड, अंग गळून जाणे आणि ‘आपण पुन्हा पूर्वीसारखेच होणार’ ही भीती या काळात येते. ती तुमच्या जोडीदाराला आधीच सांगून ठेवणे फार गरजेचे आहे, नाहीतर तुमच्या गप्प राहण्याचा अर्थ तिला भलताच लागू शकतो. मन फारच खचू लागले, तर ते सहन करीत बसू नका. डॉक्टरांना लगेच कळवा, कारण मात्रा बदलता येते आणि मानसिक आधारही मिळू शकतो.

दुसरे म्हणजे, पत्नीच्या तपासण्या तुमच्या निकालाची वाट पाहत थांबवू नका. वय ३४ आहे, तेव्हा तिच्या बीजांडांचा साठा आणि गर्भनलिका आताच पाहून घेतल्या, तर किती काळ थांबणे परवडेल हे दोघांना कळेल. आमच्या बाबतीत सगळे लक्ष माझ्याच अहवालांवर होते आणि तिच्या तपासण्या फार उशिरा झाल्या, हे मला आजही खटकते.

वाटसरू

आपण दोघांनी इतके मनापासून लिहिलेत, त्याबद्दल आभार. प्रोलॅक्टिन कधीच तपासलेले नाही, हे आज कागद पुन्हा चाळल्यावर लक्षात आले. ते आता करून घेतो.

एक शंका राहते. टेस्टोस्टेरॉन चालू ठेवून सोबत एचसीजी घेणारे पुरुष असतात असे वाचले आहे. मग मला ते पूर्ण थांबवण्याची गरज का? आणि शुक्राणू परत आले तर नंतर पुन्हा टेस्टोस्टेरॉन सुरू करता येईल का?

भ्रूणशास्त्र_कक्ष

मी वंध्यत्व केंद्राच्या प्रयोगशाळेत काम करते. तुमच्या नव्या शंकांचे उत्तर डॉक्टरच देतील, मी केवळ तपासणीविषयी लिहिते, कारण तिथे होणाऱ्या ढिलाईमुळे रुग्णांचे मौल्यवान महिने वाया जातात.

‘शून्य शुक्राणू’ असे लिहिण्यापूर्वी नमुना सेंट्रिफ्यूज यंत्रात फिरवून तळाशी बसलेला गाळ सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला होता का, हे विचारा. साध्या थेंबात काहीही न दिसणाऱ्या नमुन्याच्या गाळात कधीकधी मोजके शुक्राणू सापडतात आणि शून्य व मोजके यांत फार मोठा फरक आहे, कारण इक्सी या, शुक्राणू थेट बीजांडात सोडण्याच्या तंत्रात एका बीजांडासाठी एकच जिवंत शुक्राणू लागतो. नमुना देण्यापूर्वी दोन ते सात दिवस वीर्यस्खलन टाळावे आणि हा काळ दर वेळी शक्यतो सारखाच असावा, तरच दोन अहवालांची तुलना करता येते. नुकताच जोराचा ताप येऊन गेला असेल, तर ते प्रयोगशाळेला सांगावे, कारण तापाने संख्या काही आठवडे घटू शकते.

उपचार सुरू झाल्यावर दर महिन्याला तपासणी करून मनस्ताप वाढवण्यापेक्षा दोन ते तीन महिन्यांच्या अंतराने ती करावी. आणि शुक्राणू दिसू लागले की संख्या कमी असली, तरी काही नमुने गोठवून ठेवण्याचा विचार जरूर करावा. संख्या सामान्य होण्याची वाट पाहणाऱ्यांना मी नेहमी सांगते की जागतिक आरोग्य संघटनेची २०२१ ची खालची मर्यादा, म्हणजे मिलिलीटरमागे १ कोटी ६० लाख, ही मूल होण्या-न होण्याची सीमारेषा नाही. तिच्याखालीही नैसर्गिक गर्भधारणा होते आणि तिच्यावर असूनही काहींना होत नाही.

अंतःस्राव_वैद्यक

वाटसरू, तुम्ही वाचलेले खरे आहे, पण तिथे एक भेद आहे. असलेले शुक्राणू टिकवणे आणि नाहीसे झालेले परत आणणे ही दोन वेगळी कामे आहेत. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका लहान अभ्यासात टेस्टोस्टेरॉन घेणाऱ्या २६ पुरुषांना सुरुवातीपासूनच दिवसाआड ५०० युनिट एचसीजी दिले गेले आणि वर्षभराच्या पाठपुराव्यात एकाचेही शुक्राणू शून्यावर गेले नाहीत. मी वर उल्लेखलेल्या २००५ च्या अभ्यासातही दिवसाआड २५० युनिट एचसीजीने वृषणातली पातळी जवळजवळ मूळ जागी राहिली होती. म्हणजे टिकवण्यासाठी ही जोडी उपयोगी दिसते. तुमच्या बाबतीत मात्र कारखाना आधीच बंद पडला आहे. बाहेरचे टेस्टोस्टेरॉन चालू असेपर्यंत तुमचे स्वतःचे एफएसएच दबलेलेच राहते. एचसीजी एलएचची उणीव भरून काढते, एफएसएचची काढत नाही. टेस्टोस्टेरॉन चालू ठेवून एचसीजीसोबत एफएसएचची इंजेक्शने देण्याचा मार्ग काही तज्ज्ञ अवलंबतात, विशेषतः ज्यांना थांबवणे अगदीच असह्य होते त्यांच्यासाठी, परंतु पत्नीचे वय लक्षात घेता मी तुम्हाला पहिला पर्याय म्हणून तो सुचवणार नाही.

एचसीजी घेत असताना टेस्टोस्टेरॉन, इस्ट्राडायॉल (इस्ट्रोजेनचा मुख्य प्रकार) आणि हिमॅटोक्रिट (रक्तातील तांबड्या पेशींचे प्रमाण) यांच्या तपासण्या चालू राहिल्या पाहिजेत. वृषण जागे झाले की इस्ट्रोजेनही वाढते, त्यामुळे स्तनाग्रे दुखणे किंवा छाती सुजणे असे होऊ शकते, आणि अशा वेळी काही रुग्णांना इस्ट्रोजेन कमी करणारे अ‍ॅनास्ट्रोझोल द्यावे लागते. तेही लक्षणे आणि आकडे पाहूनच, आधीपासून खबरदारी म्हणून नव्हे.

बारा महिने उलटूनही शुक्राणू दिसले नाहीत, तर नुसते थांबून राहू नये. त्या वेळी एफएसएच पुन्हा तपासावे. टेस्टोस्टेरॉनचा दाब निघून गेल्यावर ते उंच गेलेले आढळले, तर आधी वृषणाचाही काही दोष झाकलेला होता असे समजावे लागते. क्लाइनफेल्टरसारखी (पुरुषात एक जादा एक्स गुणसूत्र असण्याची) गुणसूत्रांची स्थिती, वाय गुणसूत्रातील सूक्ष्म त्रुटी, व्हेरिकोसील म्हणजे वृषणाभोवतीच्या फुगलेल्या शिरा या गोष्टी तेव्हा पाहिल्या जातात. उपचारांपूर्वी वीर्यतपासणी झालेली नसल्याने तुमच्याकडे मूळ आकडा नाही, म्हणून ही शक्यता आजच पूर्णपणे वगळता येत नाही. तशा परिस्थितीतही सूक्ष्मदर्शकाखाली शस्त्रक्रिया करून वृषणातून थेट शुक्राणू मिळवण्याचा मार्ग असतो. क्लाइनफेल्टर असलेल्या पुरुषांतही या शस्त्रक्रियेने जवळजवळ निम्म्या वेळा शुक्राणू सापडतात. पण तुमचा जुना कागद पाहता ही वेळ येईल असे मला वाटत नाही.

पुन्हा टेस्टोस्टेरॉन सुरू करण्याविषयी. दिवस राहिल्यावर लगेच सुरू करण्याची घाई करू नका, कारण पहिले काही आठवडे गर्भ टिकण्याची खात्री नसते आणि दुर्दैवाने गर्भपात झाला तर तुम्हाला पुन्हा सगळे पहिल्यापासून करावे लागेल. दुसरे मूल हवे आहे का, हेही त्याच वेळी दोघांनी ठरवावे. हवे असेल, तर पुरेसे नमुने गोठवून मगच सुरू करावे आणि सोबत कमी मात्रेत एचसीजी ठेवावे. अनेकांना एचसीजी किंवा क्लोमिफीनवरच पुरेसे बरे वाटते आणि टेस्टोस्टेरॉनकडे परतावेच लागत नाही, तेव्हा तोही पर्याय डॉक्टरांसमोर ठेवा. पुढे इंजेक्शनाऐवजी जेल घेण्याचे ठरले, तर पत्नी गरोदर असताना जेल लावलेल्या त्वचेचा तिला स्पर्श होऊ देऊ नका. ते त्वचेतून तिच्या शरीरात जाऊ शकते आणि गर्भाला, विशेषतः मुलीच्या गर्भाला, अपाय करू शकते. जेल लावल्यावर हात साबणाने धुवावेत, लावलेली जागा कपड्याने झाकावी आणि जवळ येण्यापूर्वी ती धुऊन घ्यावी.